श्रीपतीच्या खुंट्या

आगबोटीचा कप्तान पंचांग बघत नाही, ही आम्हा रत्नागिरीकरांची जुनी तक्रार आहे. बोट यायची ती कंपनीच्या सोयीने. तिला राहुकाळ ठाऊक नाही, अमावास्या ठाऊक नाही, घातवार ठाऊक नाही. चांगली वेळ सकाळची असली की बोट हमखास भर दुपारी भोंगा द्यायची. मुंबईला जायला तर हवं, कारण पगार तिकडे. आणि वाईट वेळेला घर सोडलं तर तो पगार टिकायचा नाही. आमचा माणूस अशा कात्रीत सापडलेला.

वाडवडिलांनी यावर एक पळवाट काढून ठेवली होती. तिला म्हणतात प्रस्थान. चांगल्या वेळेला स्वतः निघता येत नसेल तर एक सुपारी, एक हळकुंड आणि चिमूटभर अक्षता फडक्यात बांधायच्या आणि ते गाठोडं वाटेवरच्या कुणा परक्याच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे तुम्ही निघालात. मग खुशाल घरी परत या, आंघोळ करा, जेवा, वामकुक्षी घ्या. ग्रहांच्या लेखी तुम्ही केव्हाच गेलेले असता. बोट आली की जाता जाता गाठोडं उचलायचं आणि चालू लागायचं. एवढे मोठे ग्रह, पण त्यांना सुपारीने बनवता येतं, याचं मला लहानपणापासून कौतुक वाटत आलं आहे.

मांडवीच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला शेवटची दोन घरं. एक श्रीपती आठल्येचं आणि त्याच्या समोरचं माझं. पुढे वाळू, होड्या आणि धक्का. प्रस्थान ठेवायला याहून सोयीची जागा दुसरी नाही. पण मी जकात नाक्यावरचा कारकून. लोकांच्या ट्रंका उघडून बघणं हा माझा धंदा. माझ्या घरी शुभ वस्तू ठेवायची कुणाची छाती होत नसे. म्हणून सगळी गाठोडी श्रीपतीकडे.

श्रीपतीच्या वडिलांच्या वेळेपासून हे चालत आलेलं होतं. म्हातारे ओटीवरच्या खुंटीला गाठोडं अडकवायचे, "सुखरूप जा, सुखरूप या" म्हणायचे आणि माणूस पोचल्याची खुशाली येईपर्यंत ती खुंटी मोकळी ठेवायचे. दुसऱ्या कुणाचं गाठोडं तिथे लावायचे नाहीत. माणूस अजून वाटेत आहे, म्हणायचे. मोबदला म्हणून कुणी परतताना मुंबईची खारीक आणली तर आणली. श्रीपतीला हे सगळं बावळटपणाचं वाटायचं. त्याला स्वतःला भिक्षुकी अर्धीमुर्धी येत होती. पूजा सांगताना तो मधलं पान गाळायचा आणि दुर्दैवाने ते यजमानाच्या लक्षात यायचं. तेव्हा बोलावणी कमी आणि डोकं रिकामं. रिकाम्या डोक्यात धंदा शिरायला वेळ लागत नाही.

साधारण सन चोवीस-पंचवीसच्या सुमारास बोटींच्या कंपन्यांत जुंपली. एकीने भाडं उतरवलं, दुसरीने त्याहून उतरवलं, आणि मग पहिलीने तिकिटामागे हातरुमाल वाटायला सुरुवात केली. झालं! ज्याचं मुंबईत कुणी नाही, काही काम नाही, तोही रुमालासाठी मुंबईला जाऊन आला. पूर्वी आमचा माणूस वळकटी, नारळ आणि तोंडावर सुतक घेऊन बोटीत चढायचा. आता तो कुलपाची ट्रंक, कातडी पट्ट्यांचा होल्डॉल आणि चहाचा थर्मास घेऊन चढू लागला, आणि चढल्याबरोबर तक्रार करू लागला. बाकडं कडक आहे, वारा फार आहे, शेजारचा मासे खातो. प्रवासाला माणसं पूर्वी घाबरत असत. आता ती प्रवासावर रागावू लागली, आणि रागावलेल्या माणसाकडून पैसे सुटतात हे श्रीपतीने बरोबर हेरलं.

त्याने पहिल्यांदा खुंट्या वाढवल्या. मग बोटीत अप्पर आणि डेक असे दोन वर्ग असतात तसे आपल्या ओटीवर अप्पर आणि डेक केले. डेकची गाठोडी खाली सुंभाच्या दोरीला, एकावर एक. अप्परची वर आढ्यापाशी, तांबड्या कापडात, स्वतंत्र खुंटीवर. लोक दोरीकडे बघून नाक मुरडायचे आणि अप्परची दक्षिणा काढून द्यायचे. डेकने प्रवास करणारे कितीतरी लोक प्रस्थान मात्र अप्परचं ठेवत. निदान सुपारी तरी वरच्या वर्गाने जाऊ दे, असा विचार असावा. ओटीवर बाकडं टाकून त्याने वर पाटी लावली, 'वेटिंग रूम'. येण्याचं आणि जाण्याचं प्रस्थान एकदम ठेवलं तर दक्षिणेत सूट. वडिलांच्या वेळचा खुंटी मोकळी ठेवण्याचा नियम अर्थातच गेला. गाठोडं उचललं की त्याच खुंटीवर पुढचं. खुंटी अजून ऊबदार असायची.

त्यानंतर बिल्ले आले. नावं विचारत बसायला वेळ कुणाला? श्रीपतीने पत्र्याचे डबे करणाऱ्याकडून बिल्ले कापून आणले, त्यांवर आकडे ठोकले, एक गाठोड्याला आणि एक गिऱ्हाइकाच्या हातात. लोक खूश झाले. बिल्ला हातात असला की माणसाला आपण कुठल्या तरी मोठ्या व्यवस्थेत आहोत असं वाटतं. मला तो एकदा म्हणाला, "अरे, कंपनी तरी वेगळं काय करते? तिलाही माणसाचं नाव लागत नाही."

प्रवाशांसाठी फराळाची पुडीही तो देऊ लागला. आवळासुपारी, बोट लागू नये म्हणून आलेपाक, आणि पोह्यांचे लाडू. हे सगळं करायची ती त्याची मुलगी लीला. आई लहानपणीच गेलेली. पहाटे उठून पोहे भाजायचे, गुळाचा पाक करायचा, लाडू वळायचे, मग गाठोडी बांधायची, बिल्ले अडकवायचे. तिच्या उजव्या मनगटावर पाकाचा चटका बसून एक मोठा डाग पडला होता, तळहाताकडून वर गेलेला. श्रीपती गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचा, "घरगुती माल आहे." तो डाग हाच काय तो पुरावा.

आता मुख्य गोष्ट. या लीलाचं लग्न झालेलं होतं. चांगली दोन वर्षं झाली होती. जावई चारुदत्त मुंबईला विम्याच्या कचेरीत कारकून. लग्नाच्या वेळी त्याला बिऱ्हाड नव्हतं, म्हणून बायकोला माहेरीच ठेवलं. पुढे गिरगावात चाळीत एक खोली मिळाली आणि त्याने कळवलं, पाठवा. श्रीपतीने पंचांग उघडलं आणि सांगितलं, शुक्र समोर आहे.

नव्या नवरीने शुक्र समोर असताना सासरी जाऊ नये, ही गोष्ट खरी. पण शुक्र होता पश्चिमेला आणि मुंबई उत्तरेला. मी हे त्याच्या नजरेस आणून दिलं. श्रीपती न अडखळता म्हणाला, "बोट आधी पश्चिमेला खोल पाण्यात जाते, मग उत्तरेला वळते. त्या पहिल्या मैलात काय होईल याची हमी तू घेतोस?" मी हमी घेतली नाही. काही महिन्यांनी शुक्र पूर्वेला गेला. तेव्हा श्रीपतीने शोधून काढलं की मुंबईत शिरताना बोट कुलाब्याला वळसा घालून पूर्वेकडे तोंड करते. एवढा भूगोल त्याला शाळेत आला असता तर तो मामलेदार झाला असता.

चारुदत्त स्वतः एकदा न्यायला आला. गरीब, पापभीरू मुलगा. ओटीवर झोपला, दोन दिवस शुक्रावरचं व्याख्यान ऐकलं आणि डबाभर लाडू घेऊन एकटाच परत गेला. लीला दारापर्यंत आली होती. त्याने मागे वळून बघितलं आणि तिने नजर खाली केली. मी समोरून बघत होतो आणि मला श्रीपतीची अशी चीड आली की त्या दिवशी मी त्याच्याकडचा लाडू खाल्ला नाही. कारण सगळ्या मांडवीला स्पष्ट दिसत होतं. मुलगी गेली तर गाठोडी कोण बांधणार, पाक कोण करणार? शुक्राला उगाच बदनाम करणं चाललं होतं.

फक्त एक माणूस हे तोंडावर बोलायचं. श्रीपतीची थोरली विधवा बहीण आनंदीबाई. ती वरच्या आळीत राहायची आणि दर गुरुवारी भावाला धारेवर धरायला खाली यायची.

"श्रीपती, पोरीचं लग्न लावून दिलंस की नुसतं पंचांगात लिहून ठेवलंस?"

"ताई, शास्त्र मी केलेलं नाही."

"नाहीच केलंस. तू फक्त खुंट्या केल्यास."

तेवढ्यात गावात मोटार आली. बाबल्या नावाचा एक उंच, काळा ड्रायव्हर ती चालवायचा. कचेरीपासून मांडवीपर्यंत बोटीची माणसं आणून टाकायचा. ज्या वाटेला लोक पूर्वी पायी उतरत, दम खात, श्रीपतीच्या बाकड्यावर बसून पाणी पीत, त्या वाटेने आता ती रबरी भोंगा पोंपों वाजवत धुरळ्यातून जाऊ लागली. आणि ती श्रीपतीच्या दारात थांबेना. श्रीपती रस्त्यात आडवा झाला. बाबल्याने गाडी हळू केली, थांबवली नाही.

"भटजी, बाजूला व्हा. गाडी थांबायची न्हाय. इंजान एकदा बंद पडलं की हांडल मारून मारून माझे खांदे उतरतात."

"अरे, पण लोकांची प्रस्थानं?"

"मंग ती पन चालत जाऊ देत."

धंदा बसण्याची वेळ आली. दुसरा कुणी असता तर त्याने मोटारीला शिव्या घालत आयुष्य काढलं असतं. श्रीपतीने बांबू आणला. लांब, सरळ, टोकाला चिरलेला. चिरेत गाठोडं खोचायचं, मोटार वळणावर हळू झाली की बिल्ल्याचा आकडा ओरडायचा आणि बांबू वर करायचा. मोटारीतून हात बाहेर येई, गाठोडं ओढून घेई, श्रीपती घाईघाईने "सुखरूप जा, सुखरूप या" म्हणे, आणि मोटार पुढे. टपालाच्या गाड्यांत पिशव्या अशाच टाकतात म्हणे. लोकांना याची इतकी गंमत वाटू लागली की ज्यांचं बंदर हाकेच्या अंतरावर, तेही मोटारीत बसून येऊ लागले, नुसता बांबू अनुभवायला. एकदा एका वकिलांची सुपारी भलत्याच हातात गेली आणि दोघेही आपापले बिल्ले हलवत धक्क्यापर्यंत भांडत गेले. पण एकंदरीत सोय झाली.

या घाईत एक गोष्ट मात्र श्रीपतीने फार कडक केली. जाणाऱ्याला मागून हाक मारायची नाही. हा नियम जुनाच, घराघरात पाळतात. पण श्रीपतीने त्याची मोठी पाटी रंगवून दारावर लावली: 'निघालेल्यास मागून हाक मारू नये. प्रस्थान मोडल्यास चालक जबाबदार नाहीत.' हौसा कोळीण आमच्या आळीत मासे विकायला येई. तिचा मुलगा बाळा बोटीवर खलाशी म्हणून निघाला आणि मोटार पुढे गेल्यावर ती धावत आली, "बाळा रे, घोंगडी ऱ्हायली!" म्हणून ओरडली. श्रीपतीने तिला भर रस्त्यात असं झापलं की ती टोपली टाकून रडली. वर पोराला धक्क्यावरून परत बोलावून त्याने नवं प्रस्थान ठेवायला लावलं. डेकचंच, पण दक्षिणा पुन्हा. हौसा ते विसरली नाही.

सन बत्तीसच्या फाल्गुनात आंब्यांचे व्यापारी महिपतशेट श्रीपतीकडे आले. मोठं गिऱ्हाईक. त्या दिवशी मीही ओटीवर बसलो होतो.

"भटजी, सुनेला मुंबईला धाडायची आहे," शेटजी म्हणाले. "मुलगा तारांवर तारा करतोय. पण घरात बायका म्हणतात, शुक्र समोर आहे. काय करायचं?"

मी श्रीपतीकडे बघितलं. मला वाटलं, आता याला बोटीचा पहिला मैल आठवेल.

"असेल, शुक्र समोर असेल," श्रीपती म्हणाला. "पण शेटजी, अप्परच्या प्रस्थानाला शुक्राचं काही चालत नाही. आढ्याला अगदी लागून असतं ना. तिथवर त्याची नजरच पोचत नाही."

"नक्की?"

"आजवर एकही गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलेलं नाही."

हे मात्र खरं होतं. ज्यांचं बरं झालं नाही ते कुठून परत येणार? महिपतशेट समाधानाने गेले. स्वयंपाकघराच्या दारात लीला उभी होती. हात गुळाने माखलेले.

"बाबा," ती म्हणाली, "मग माझंही अप्परचं ठेवा ना."

श्रीपती क्षणभर गडबडला. पण धंद्यात मुरलेला माणूस.

"तुला नाही चालायचं गो. प्रस्थान परक्याच्या घरी ठेवायचं असतं. हे तुझं घर. घरच्याच खुंटीला घरचंच गाठोडं, हे शास्त्रात बसत नाही."

"लग्न झालं तरी हे माझंच घर?"

"म्हणजे काय! बाप जिवंत आहे तोवर तुझंच घर!" हे त्याने इतक्या प्रेमाने म्हटलं की त्याचा त्यालाच गहिवर आला. उपरण्याने डोळे पुसून तो म्हणाला, "आणि ते लाडू जरा लहान वळ. बोट लागलेल्या माणसाला मोठा जात नाही."

लीला आत गेली. ती रडली नाही, उलट बोलली नाही. मला तिचा थोडा रागच आला. इतकं गप्प बसू नये माणसाने. पण ती गप्प बसली नव्हती, विचार करत होती, हे मला चार दिवसांनी कळलं.

गुरुवारी आनंदीबाई आली आणि या खेपेला भांडली नाही. तिला सांडगे-पापड घालायचे होते, हाताखाली लीला हवी होती. श्रीपती कुरकुरला. आनंदीबाई म्हणाली, "अर्धे सांडगे तुझ्या पुड्यांना देईन." मग त्याने पाठवलं. लीला जायच्या आदल्या दिवशी पहाटेपासून संध्याकाळी दिवे लागेपर्यंत चुलीपाशी होती. दोन मोठे डबे लाडू भरून ठेवले, फडक्यांचे तुकडे कापून ठेवले, सुपाऱ्या धुऊन ठेवल्या. आत्याकडे चार दिवस जाणारी मुलगी एवढं कशाला करते, असं मला वाटून गेलं. निघताना ती तुळशीपाशी बराच वेळ उभी राहिली. श्रीपती बाकड्यावरून ओरडला, "लवकर ये गो. शिमग्याची गर्दी आहे." ती "हो" म्हणाली नाही, वाकून नमस्कार मात्र केला. आत्याच्या घरी जाताना कुणी बापाला नमस्कार करत नाही, पण श्रीपती त्या वेळी दोरी आवळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगली वेळ बघून आनंदीबाई पुन्हा खाली आली. हातात तांबड्या कापडाचं गाठोडं.

"आमच्याकडच्या एका मुलीचं आहे," ती म्हणाली. "उद्याच्या बोटीने नवऱ्याबरोबर मुंबईला जाते. अप्परमध्ये लाव."

"लावतो. पण ताई, नवी नवरी असेल तर शुक्र..."

"तूच म्हणतोस ना, अप्परला शुक्राचं काही चालत नाही?"

"नाहीच चालत," श्रीपती म्हणाला. मी समोर ओटीवर होतो, गिऱ्हाइकं होती. तो दुसरं काय म्हणणार?

"आणि तुझं घर तिला परकं आहे हो. ती आता माझ्या उंबऱ्यातून निघायची. शास्त्रात बसतं ना?"

"हे काय विचारणं! तिथून निघायची तर हे घर परकंच. चोख बसतं."

"पुन्हा एकदा सांग."

"परकंच, परकंच!" श्रीपती वैतागून म्हणाला. बहिणीला वयोमानाने कमी ऐकू येतंय असं त्याला वाटलं. त्याने गाठोड्याला सतरा नंबरचा बिल्ला अडकवला, जोडीचा बिल्ला आनंदीबाईच्या हातात दिला आणि शिडीवर चढून ते आढ्यापाशी लावलं. नाव विचारलं नाही. नाव विचारायची पद्धतच राहिली नव्हती. आनंदीबाई जाताना माझ्याकडे बघून गेली आणि मला सगळं समजलं.  आयुष्यभर लोकांच्या ट्रंकांतलं हुडकून काढलं होतं, एक गाठोडं न उघडता जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट बाहेर दिसली. मांडवीत गर्दी उसळली. दोन डबे लाडू संपत आले होते आणि श्रीपती खुशीत होता. बाबल्याचा भोंगा वरून ऐकू येऊ लागला. श्रीपती बांबू घेऊन रस्त्यात उभा राहिला. मागे बाकड्यावर, गडग्यावर, रस्त्याच्या कडेला पुढच्या खेपेची गिऱ्हाइकं. हौसा टोपली उतरवून बसली होती.

मोटार वळणावर हळू झाली. "बारा!" हात आला, गाठोडं गेलं. "नऊ!" तेही गेलं. "सतरा!" म्हणून श्रीपतीने बांबू उंच केला. मागच्या बाजूने एक हात बाहेर आला. हिरव्या बांगड्या, आणि मनगटावर तळहाताकडून वर गेलेला चटक्याचा डाग.

"सुखरूप जा..." श्रीपती म्हणत होता. डाग त्याला दिसला आणि पुढचं तोंडातच राहिलं. हाताने गाठोडं चिरेतून सोडवलं. पदराखालून लीलाचा चेहरा दिसला, शेजारी आनंदीबाईच्या तारेवरून आलेला चारुदत्त, मांडीवर होल्डॉल घेऊन भेदरल्यासारखा बसलेला. ती बापाकडे बघत होती. तिने डोळे खाली केले नाहीत. मोटार पुढे सरकली.

श्रीपतीने तोंड उघडलं. एक हाक मारली असती तर पुरे होतं. बंदरापर्यंत उतार, मोटारीचा वेग बैलगाडीचा. ती पोर थांबली असती, मला खात्री आहे. हाक मारली तर प्रस्थान मोडलं, आणि प्रस्थान मोडलं की बापाच्या दारातून शुक्र समोर घेऊन कोण निघणार? पण डोक्यावर पाटी होती. पाठीमागे पंचवीस-तीस गिऱ्हाइकं बिल्ले हातात घेऊन उभी होती. त्यांच्यासमोर स्वतःच्या मुलीचं प्रस्थान मोडायचं? उद्या कोण खुंटीला गाठोडं लावेल? त्याने माझा दंड धरला.

"तू मार हाक," तो पुटपुटला. "तू धंद्यातला नव्हेस. तू मार."

"पाटी तू लावलीस," मी म्हटलं.

हौसा उठून उभी राहिली. मला वाटलं, आता ही सूड उगवणार. ती म्हणाली, "भटजी, मारा वो हाक. पोर हाय तुमची. पाटी गेली खड्ड्यात."

श्रीपतीने मारली नाही. मोटार धक्क्याकडे दिसेनाशी झाली. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "वा! काय शिस्त आहे!" आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

संध्याकाळी बोटीने भोंगा दिला. श्रीपती घराच्या मागच्या गडग्यापाशी येऊन उभा राहिला. तिथून समुद्र दिसतो. बोट खरोखरच आधी पश्चिमेला गेली. समोर पाण्यावर शुक्र लखलखत होता आणि ती थेट त्याच्याकडे चालली होती. मग ती उत्तरेला वळली आणि लहान होत गेली.  टोमणा माझ्या जिभेवर आला होता, पण श्रीपतीचे खांदे बघून तो गिळला.

पुढचे दिवस वाईट गेले. गाठोडी तो स्वतः बांधू लागला. ती सुटायची, सुपाऱ्या रस्त्यात घरंगळायच्या. त्याने पाक केला तो दगडासारखा झाला. आनंदीबाई खाली आली, तेव्हा मला वाटलं भावंडांचं युद्ध होणार. श्रीपती फक्त एवढंच म्हणाला, "ताई, माझ्या तोंडून परकं म्हणवून घेतलंस." ती म्हणाली, "तुझ्याच शास्त्राला हवं होतं ते," आणि चुलीपाशी जाऊन त्याच्यासाठी पिठलं टाकलं.

मुंबईहून परतीची बोट आली त्या दिवशी मी नाक्यावर होतो. श्रीपती धक्क्यावर आलेला दिसला. बंदराच्या इतक्या जवळ राहून तो कित्येक वर्षांत धक्क्यावर आला नव्हता. बोटीवरची माणसं घेऊन पडाव धक्क्याला लागला. पडाव हाकणारा दादू तांडेल दोर बांधत होता. श्रीपती त्याच्याजवळ गेला.

"दादू, मागच्या बोटीची माणसं मुंबईला सुखरूप उतरली काय रे?"

दादूने वर बघितलं. "उतरली असतील. आमी हिथलेच, भटजी, बोटीपर्यंत न्हेतंव फकस्त. तुमी कवा इचारलं न्हाय आजपावेतो. कोन व्हतं तुमचं?"

"सतरा..." श्रीपती म्हणाला आणि थांबला. "माझी मुलगी. लीला तिचं नाव."

"कागद येईल की पोचल्याचा," दादू म्हणाला आणि ट्रंका उतरवू लागला.

श्रीपती उतरणाऱ्या एकेका प्रवाशाला विचारत फिरला. लीला म्हणून कुणी दिसली का? एवढीशी, मनगटावर डाग असलेली? लोक ट्रंका सांभाळत, टांगा आहे का, मोटार आहे का विचारत होते. कुणाला काही ठाऊक नव्हतं. मी त्याला हाताला धरून घरी आणलं.

ओटीवर महिपतशेट वाट बघत होते. सून सुखरूप पोचली होती, आता धाकटी मुलगी जायची होती आणि अप्परच पाहिजे होतं. श्रीपती म्हणाला, अप्पर भरलंय. शेटजींनी मान वर करून बघितलं आणि बोट दाखवलं.

"ती काय, सतरा नंबरची मोकळी आहे की."

"ती मोकळी नाही," श्रीपती म्हणाला. "माणूस अजून वाटेत आहे."